येतां म्हटल्यावर

४ फेब्रुवारी २०१९, सोमवार

येतां. दिवसभर हा एकच शब्द! तोंड धुवायला पाणी नेलं — येतां. पेज भरवली — येतां. शेजारचे बाबलीमामा बघायला आले, अजून चपला काढतायत तोवर आतून आवाज — येतां. मामा बिचारे दारातच थबकले. आलेल्या माणसाला बघून कोणी "निघतो" म्हणतं का?

आमच्याकडे घरातून बाहेर पडताना "जातां" म्हणत नाहीत. वाईट. "येतां" म्हणायचं, म्हणजे जाऊन परत येतो. इतकं रोजचं की म्हणताना कोणाचं लक्षही नसतं. रुद्रेशच्या डोक्यातली गाठ काढली — काढता आली तेवढी — आणि तिच्याबरोबर सगळे शब्द गेले. माझं नाव गेलं. आईचं गेलं. पाणी, भूक, दुखतंय, सगळं. हा एक तेवढा राहिला.

डॉक्टरांनी नीट समजावलं होतं. म्हणे, असं होतं. एखादा शब्द मागे उरतो. तो पेशंट बोलत नसतो, नुसतं तोंड बोलतं. तुम्ही अर्थ लावत बसू नका. आणि उरलेल्या गाठीबद्दल म्हणाले, आता घरीच ठेवा, हवं-नको ते बघा. उन्हाळा काढेल असं सांगता येत नाही.

अर्थ लावत बसू नका! माझा नवरा आहे. मी नाही लावायचा तर कोणी लावायचा?

सासूबाई — मीही त्यांना आईच म्हणते — अर्थ-बिर्थ लावत नाहीत. तो येतां म्हणाला की पदराने त्याच्या ओठांचे कोपरे पुसतात आणि म्हणतात, "खंय वता रे? बस." कुठे जातोस, बस.

५ फेब्रुवारी

डिचोलीहून कोणा अंकिताचा ईमेल. रुद्रेश सर उत्तर देत नाहीत, म्हणून शोधून शोधून माझा पत्ता काढला म्हणते. "गजाल" बिघडली आहे. मॅडम, सर कधी मोकळे होतील?

सर मोकळेच आहेत बाई. आतल्या खोलीत छताकडे बघत पडले आहेत.

गजाल, म्हणजे आमच्याकडे गप्पा, हे रुद्रेशच्या सॉफ्टवेअरचं नाव. आमचं लग्न ठरायच्या आधीपासून तो ते करत होता. लिहिलेलं मोठ्याने वाचतं आणि बोललेलं थोडंफार समजतं — आमच्या पेडण्याच्या कोंकणीत. आम्ही बोलतो कोंकणी, लिहितो मराठी, ऑफिसात इंग्रजी. मशीनला यातली पहिली कोणी शिकवली नव्हती. याने शिकवली. कोणी सांगितलं नव्हतं, कोणी पगार देत नव्हतं. करून झाल्यावर ओपन सोर्स म्हणून जगापुढे टाकली. घ्या, वापरा, चुकलं तर दुरुस्त करा. लोकांनी घेतली, वापरली. दुरुस्त करायला कोणी फिरकलं नाही.

आवाज त्याचा स्वतःचाच. माळ्यावर गोधडी पांघरून रेकॉर्ड करायचा, म्हणजे बाहेरचे कावळे येऊ नयेत. घामाने निथळत खाली उतरला की आई ओरडायच्या.

डॉक्युमेंटेशन? शून्य. मी किती वेळा सांगितलं होतं, चार ओळी लिहून ठेव, कुठला भाग काय करतो, कसा वापरायचा. हसायचा. "बरोवन कित्याक दवरप? हांव आसां न्ही!" लिहून कशाला ठेवायचं, मी आहे ना.

७ फेब्रुवारी

अंकिताशी फोनवर बोलले. चांगली मुलगी आहे, भराभर बोलते. त्यांची संस्था डिचोली-सत्तरीतल्या एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांना रोज फोन करते. माणूस नव्हे, मशीन. वखद, म्हणजे औषध, घेतलं का, जेवलात का, हो-नाही ऐकून घेते. म्हातारा काहीच बोलला नाही तर कोणीतरी स्कूटर घेऊन बघायला जातं. हे सगळं गजालीवर चालतं.

बिघाड असा. विचारून झालं की मशीन "येतां" म्हणतं, आणि फोन बंद व्हायला हवा. होत नाही. इकडून लाइन धरलेलीच राहते. म्हातारीने फोन खाली ठेवला तरी लाइन अडकलेली, मग पुढच्या माणसाला फोन लागत नाही. आधी टेलिफोनवाले थोड्या वेळाने आपणच लाइन तोडायचे, म्हणून कोणाला कळलं नाही. आता नवीन लाइन, ती तोडत नाहीत. गेल्या आठवड्यात पांडुरंग नावाचे एक आजोबा चक्कर येऊन पडले. त्या दिवशी त्यांना फोन गेलाच नव्हता. शेजारणीने बघितलं म्हणून वाचले.

मी अंकिताला सांगितलं, सर रजेवर आहेत. मी बघते.

का खोटं बोलले कोण जाणे. रजा! बरी रजा.

८ फेब्रुवारी

शुक्रवार. औषधं आणायला म्हापशाला गेले. बाजाराची गर्दी, बसला उभं राहायला जागा नाही. निघताना मी येतां म्हटलं. आई दारापर्यंत आल्या, मी वळणावर दिसेनाशी होईपर्यंत उभ्या. पाऊस असो, ऊन असो, त्या तशाच उभ्या राहतात. त्याच्यासाठी उंडे, ते गोल पाव, आणले. मऊ भाग दुधात कुस्करून दिला. खाल्ला!

१० फेब्रुवारी

कोड उघडून बसले. दोघं एकाच वर्गात शिकलो, एकाच मास्तरांच्या शिव्या खाल्ल्या, पण याचं कोड वाचणं म्हणजे याच्या डोक्यात राहायला जाणं. सगळी नावं घरची. सुरू करायच्या भागाचं नाव "उज्वाड", उजेड. ऐकायच्या भागाचं "कान", बोलायच्या भागाचं "तोंड". मशीनची मेमरी संपली की निरोप येतो, "भूक लागली". काही चुकलं की "कितें जालें मरे?" — काय झालं रे? त्यावर कोणा परदेशी माणसाची तक्रार पडून आहे, हा एरर कुठल्याच कोशात सापडत नाही म्हणून. मी एकटीच हसले. मोठ्याने. आई बघून गेल्या, सून ठीक आहे ना म्हणून.

बंद करायच्या भागाचं नाव अर्थात "येतां". ते कळलं. पुढचं कळत नाही. येतां म्हणून झालं की मशीन थांबतं. कशासाठी? तिथे रोमी अक्षरांत दोनच अक्षरं — वाय आणि ओ. ते येत नाही तोवर थांब. बस्स, इतकंच लिहिलंय. रॅप गाणारी पोरं टोपी उलटी घालून, बोटं नाचवून म्हणतात ना, तेच हे असणार. कॉलेजात असताना याला ती गाणी ऐकायचा नाद होता. वाय-ओ! काय थट्टा ही. ते कुठून यायचं, कोणी द्यायचं, कुठेच नाही. "कान" भागात आवाजांच्या फायली आहेत, त्यांना नावंसुद्धा दिलेली नाहीत, नुसते आकडे.

लॅपटॉप घेऊन त्याच्याकडे गेले. स्क्रीनवर बोट ठेवलं. रुद्रेश, हे काय आहे? त्याने माझ्या बोटाकडे बघितलं. मग माझ्याकडे. डोळ्यांत काहीतरी आलं, अगदी काठापर्यंत आलं.

येतां, म्हणाला.

१३ फेब्रुवारी

राग येतो. त्याच्यावरच येतो. मी आहे ना, म्हणे!

१८ फेब्रुवारी

गजालीच्या पानावर नवीन तक्रार. कोणी अनोळखी माणूस, आफ्रिकेत राहणारा गोवेकर. त्याच्या म्हाताऱ्या आईला ती पत्रं वाचून दाखवते, पण बंद होत नाही. खाली त्याने विचारलंय, कोणी बघतंय का इकडे? की हे मेलं?

खाली आणखी दोघांनी तेच विचारलंय. मेलं वाटतं.

मी उत्तर लिहिलं, नाही. पुसलं. पुन्हा लिहिलं. शेवटी तेवढंच पाठवलं — नाही.

२२ फेब्रुवारी

आज न करायचं ते केलं. गजालीत माझं नाव टाइप केलं आणि बटण दाबलं. सगळी कोंकणी त्या आवाजात आहे, नुस्तें, उदक, आंबो, सांज, मोग — मग मीही असेन कुठेतरी, असं वाटलं. नाही. रेकॉर्ड करताना त्याने तनया कधी म्हटलंच नव्हतं. मशीनने तुकडे जोडले. त-न-या. आवाज त्याचा, आणि तीन अनोळखी माणसांनी एकामागोमाग हाक मारल्यासारखं.

लॅपटॉप मिटून परसात गेले. आई काजूचे बोंडू वेचत होत्या. काजूचा वास सगळीकडे. मलाही टोपली दिली. अंधार पडेपर्यंत वेचत राहिलो.

२६ फेब्रुवारी

अंकिता न सांगता घरी आली! डिचोलीहून म्हापशाला, तिथून पेडण्याची बस, मग उन्हात चालत. हातात लाडवांचा डबा. सरांना भेटून आभार मानायचे होते म्हणे, आजोबा बरे झाले म्हणून. मी दारातच अडवणार होते. पण तेवढ्यात आतून आला तो. शब्द.

पोरगी जागच्या जागी उभी राहिली. "ताई, हो तोच आवाज." रोज सकाळी चाचणी घेताना ती तो आवाज ऐकते. रोज कितीतरी घरांत तो जातो. तिला वाटलं होतं, कोणी पन्नाशीचे गृहस्थ असतील, शांत, चष्मेवाले. आणि समोर गोव्याला राज्याचा दर्जा मिळाला त्या वर्षी, सत्त्याऐंशीत, जन्मलेला हा पोरगेला माणूस, डोक्यावर टाक्यांची वाट, अंगावर चादर.

मग मी सगळं सांगितलं. ती रडली नाही. डबा घट्ट धरून बसली. जाताना म्हणाली, ताई, घाई नाही. मला माहीत आहे, घाई आहे.

तिने एक विचारलं, तो थांबायचा भाग सरळ उडवला तर? एक ओळ पुसायची, मशीन जबरदस्तीने फोन तोडेल. करता येतं. एका मिनिटाचं काम. मी म्हटलं, तसं नको. त्याने काहीतरी मनात धरून ते ठेवलंय. न समजता कसं तोडू?

२ मार्च

झोप वाढली आहे. जागा असतो तेव्हा तेच.

बाबलीमामा पडवीत बसून आईला म्हणाले, "कितें तरी अडकलां ताचें." काहीतरी अडकलंय त्याचं. आईंनी चहाचा कप त्यांच्यापुढे जरा जोरातच ठेवला. मामा उठून गेले.

मग आपणच बोलत्या झाल्या. इतक्या वर्षांत सासऱ्यांबद्दल एवढं कधी बोलल्या नव्हत्या. कृष्णनाथ. डिचोलीच्या खाणीवर ट्रक चालवायचे. एका पहाटे पडवीतून येतां म्हणाले. आई मागे विहिरीवर, रहाटाचा आवाज. ऐकू आलं, न आल्यासारखं. त्यांनी उत्तर दिलं नाही. पाण्याचा हंडा कडेवर घेऊन पुढे आल्या तोवर ते गेले होते. ट्रक उलटला त्या दिवशी.

रुद्रेश तेव्हा तिसरीत. त्या दिवसापासून पोरगा आईने उत्तर दिल्याशिवाय पायरी उतरेना. दप्तर पाठीला, बस वळणावर हॉर्न वाजवतेय, आणि हा उभा. आई चुलीपाशी असो, न्हाणीत असो, तिथून ओरडून उत्तर द्यायची, मगच पळायचा. मोठा झाला, नोकरीला लागला तरी तसाच. ते तर मीही बघितलंय. मला वाटायचं, लाडावलेला आहे.

सांगून झाल्यावर आई म्हणाल्या, उठ, भात लाव.

९ मार्च

लिहून काढते.

दुपारी अंकिताचा फोन. ताई, एक गंमत आहे. सगळ्यांच्या लाइनी अडकतात, पण नार्व्याच्या शेवंतीबाईंची कधीच अडकत नाही. रोज व्यवस्थित बंद होते. त्यांचा फोन वेगळा आहे का बघून आले, तर तसलाच जुना डबा. मी म्हटलं, त्यांचं बोलणं ऐकव.

तिने लावलं. आधी रुद्रेशचा आवाज. वखद घेतलें? घेतलें. जेवलें? जेवलें रे, सुको बांगडो भाजलो. मग तो म्हणाला, येतां.

आणि शेवंतीबाई, पोराला दारातून उद्याचं सांगून निरोप द्यावा तशा — "यो बाबा, यो. फाल्यां फोन कर."

खट्. लाइन बंद.

वाय, ओ. यो! आमचंच यो. ये, परत ये. कोणी येतां म्हटलं की मागे राहणारा म्हणतो ते. मी म्हापशाला निघाले की आई दर वेळी म्हणतात ते. महिनाभर त्या दोन अक्षरांकडे बघत बसले आणि टोपीवाली पोरं आठवत राहिले! रोमीत लिहिलेलं आपल्या घरचं असेल असं मनातच आलं नाही. बाकीचे म्हातारे मशीनला कशाला उत्तर देतील? फोन ठेवून देतात. शेवंतीबाई तेवढ्या रीत सोडत नाहीत.

बिघाड नव्हताच. तो पायरीवर उभा होता.

१० मार्च

चाचणी घेतली. येतां — यो — बंद. पुन्हा. पुन्हा. प्रत्येक वेळी! अंकिताला सांगितलं, काही पुसू नकोस, म्हाताऱ्यांनाच सांग, यो म्हणा. संध्याकाळी तिचा निरोप, सगळ्या लाइनी मोकळ्या. म्हातारे खूश आहेत. काही जण तर पुढे बरंच काही बोलतात, सांभाळून जा, ऊन आहे.

आणि मग दुसरं लक्षात आलं. डॉक्टर चुकले! तोंड नाही, तोच बोलतोय. इतके दिवस येतां म्हणतोय आणि या घरात त्याला कोणी यो म्हटलेलं नाही. वाट बघतोय. आहे तो आत. आहे! किती दिवसांनी इतकी आनंदात होते. त्याचे पाय चोळताना गाणंसुद्धा म्हटलं.

११ मार्च

पण यो म्हटल्यावर फोन बंद होतो.

१३ मार्च

त्याला फार दुखतंय. कण्हतो, आणि कण्हण्याच्या मधे तेच. सकाळी त्याची बोटं पुसत होते. येतां, म्हणाला. मनाचा हिय्या केला आणि म्हटलं — यो.

काहीच नाही. माझ्याकडे बघितलंही नाही. मान वळवून स्वयंपाकघराच्या दाराकडे. पुन्हा म्हणाला. जरा मोठ्याने.

मला राग आला. लाज वाटते लिहायला, पण आलाच. आईचा, त्याचा, सगळ्यांचा. मी कोण मग? कूस बदलते, घाण काढते, शेजारी झोपते. माझ्या यो ला किंमत नाही?

मग न्हाणीत जाऊन नळ सोडून रडले. सुटलेसुद्धा, खरं सांगायचं तर. माझ्या म्हणण्याने तो जाणार नव्हता.

१७ मार्च

आईंना विचारलं. कोकमाची सोलं उन्हात पसरत होत्या. शब्द जुळवून ठेवले होते, एकही आठवला नाही. नुसतं म्हटलं, आई, तो तुमची वाट बघतोय. तुम्ही त्याला यो म्हणा.

त्यांना सगळं माहीत होतं. माझ्याआधीपासून. पहिल्या दिवसापासून. मी मशीनमधून शोधून काढत होते, आणि त्या रोज त्याचे ओठ पुसून "बस" म्हणत होत्या ते हेच.

"तो खंयच वचना," म्हणाल्या. "वता ताकाच यो म्हणटात." तो कुठेही जात नाही. जातो त्यालाच यो म्हणतात.

सोलं पालथी करत राहिल्या. हात लालभडक. आपण म्हटलं नाही तर हा पोरगा पायरी उतरणार नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. एकदा उत्तर द्यायचं राहिलं आणि माणूस गेला. आता उत्तर न देऊन माणूस धरून ठेवला आहे. त्यांच्या जागी मी असते तर मीही धरला असता. दोन्ही हातांनी.

२१ मार्च

गावच्या मांडावर शिगम्याचे, आमच्या होळीचे ढोल. घरापर्यंत नाचणाऱ्यांचा मेळ येतो दरवर्षी. यंदा बाबलीमामांनी वळणावरूनच मागे फिरवला.

गिळत नाही. पाणी कापसाने. आवाज गेला, नुसते ओठ हलतात. शब्द तोच, कळतं.

२२ मार्च

डॉक्युमेंटेशन लिहायला घेतलं. एवढं तरी करावं. प्रत्येक भाग चालवून बघत होते. उज्वाड, कान, तोंड. लॅपटॉप पडवीतल्या सोप्यावर, म्हणजे कट्ट्यावर, आवाज मोठा राहिला होता. शेवटचा भाग चालवला. रुद्रेशचा आवाज, खणखणीत, नोकरीवर निघतानाचा —

येतां!

आणि स्वयंपाकघरातून लगेच, कढईत पळी वाजवता वाजवता, "यो पुता! बेगीन यो." लवकर ये.

खट्. मशीन बंद झालं.

आई बाहेर आल्या. पळी हातातच. सोप्याकडे बघितलं, लॅपटॉपकडे, माझ्याकडे. क्षणभर त्या तिकडेच होत्या, त्या जुन्या सकाळी, डबा भरून झालेला, मुलगा दारात. मग कळलं. भिंतीला धरून खाली बसल्या.

"ताणें आयकलें ना मगो?" त्याने ऐकलं नाही ना?

मी आत जाऊन बघून आले. म्हटलं, नाही. झोपलाय.

त्यांनी मान हलवली. म्हणाल्या, सवयीने आलं गो तोंडातून. किती सोपं आहे म्हणायला.

कढईतलं करपलं. तसंच जेवलो.

२३ मार्च

लिहून झालं. गजालीची पहिली आणि बहुतेक शेवटची माहिती. मराठीत, कोंकणीत, इंग्रजीत. वरच्या भागांना वेळ लागला नाही. शेवटच्याला लागला. जे ठेवलं ते असं:

"'येतां' म्हटल्यावर तो थांबतो. मागे राहणाऱ्याने 'यो' म्हणायचं. त्याशिवाय तो जात नाही. हा बिघाड नाही. कृपया ही ओळ पुसू नये."

आईंना वाचून दाखवलं. दोनदा वाचायला लावलं. मग त्याच्या खाटेपाशी जाऊन बसल्या. त्याच्या डोक्यावरून हात फिरवत होत्या, टाक्यांच्या कडेकडेने. मी दार ओढून घेतलं.

२४ मार्च, रविवार

सकाळी आईंनी पुढचं दार सताड उघडलं. अंगणात ऊन आलं होतं. त्याला शाळेत धाडताना उभ्या राहायच्या तशाच उंबऱ्यावर उभ्या राहिल्या. फक्त तोंड घराकडे करून.

त्याचे ओठ हलले.

"यो पुता."

त्याने ऐकून घेतलं. मग उतरला पायरी.